थाप मारली की टॉर्च का पेटतो?

पावसाळ्याच्या रात्री बदलापूरला लाईट जाते. कपाटावरचा टॉर्च हाती येतो, अंगठा बटण पुढे सरकवतो आणि उजेड पडत नाही. सेल तर गेल्याच महिन्यात घातलेले असतात. मग उल्हासनगरपासून वांगणीपर्यंत कुठल्याही घरात जे होते तेच होते. टॉर्च तळहातावर एकदा जोरात आपटला जातो आणि तो लख्ख पेटतो. थोड्या वेळाने उजेड थरथरतो, पिवळा पडतो, पुन्हा एक थाप बसते. काही दिवस असे चालते आणि मग घरातले कोणीतरी 'हा गेला' म्हणून त्याला भंगारात टाकते.

या थापेत एक कोडे आहे. आपटल्याने सेलमध्ये वीज भरली जात नाही आणि बल्बची तुटलेली तार जुळत नाही. मग त्या क्षणी दुरुस्त काय झाले? उत्तर बहुतेक वेळा बटणात, म्हणजे स्विचमध्ये असते. ते समजून घेतले तर असा टॉर्च घरच्या घरी पक्का दुरुस्त करता येतो.

आमच्या या पट्ट्यात टॉर्च ही हौसेची वस्तू नाही. बदलापूरच्या आसपासच्या गावांत रात्री बांधावरून, गवतातून चालताना पुढचे पाऊल टाकण्याआधी उजेड टाकावा लागतो, कारण घोणस आणि मण्यार तिथल्याच रहिवासी आहेत. चंदेरी किल्ल्यावर किंवा मलंगगडावर जाणाऱ्यांनाही अंधार पडला की टॉर्चवरच विसंबावे लागते. कधी पेटणारा, कधी न पेटणारा टॉर्च हा पूर्ण बंद पडलेल्या टॉर्चहून जास्त धोक्याचा, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पडलेला टॉर्च माणूस घरी ठेवून जातो; बेभरवशाचा सोबत नेतो.

वीज जाते तशी परतही येते

जुना पितळी टॉर्च समजायला सगळ्यात सोपा. एव्हरेडीचा 'जीवनसाथी' अनेक घरांत अजून असेल. त्याच्या नळीत दोन मोठे सेल एकामागे एक बसतात. प्रत्येकाचे दीड व्होल्ट, मिळून तीन. पुढच्या सेलची टोपी बल्बच्या बुडाला टेकते. मागच्या सेलचे बूड झाकणातल्या स्प्रिंगला टेकते. इथून वीज परत बल्बकडे जायला वेगळी तार नसते. ते काम टॉर्चचे पितळी अंगच करते. स्प्रिंगमधून झाकणात, झाकणाच्या आट्यांमधून नळीत आणि नळीतून पुढे डोक्यापर्यंत वीज येते. मात्र बल्ब ज्या कडीत बसतो ती कडी नळीपासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. बटण पुढे सरकवले की पितळेची एक पातळ पत्ती नळी आणि कडी यांना जोडते, वाट पूर्ण होते आणि बल्ब पेटतो.

या वाटेवरचे जोड मोजले तर सात-आठ भरतात. यांपैकी एकच जोड रोज उघडतो आणि मिटतो, तो बटणाचा. झिजतो तोच आणि सैल पडतो तोच. त्याच्याभोवती फट असावीच लागते, म्हणून दमट हवा, घाम आणि धूळ आत शिरायची वाटही तीच. प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये नळीऐवजी आतून पत्र्याची लांब पट्टी गेलेली असते. बाकी मांडणी अशीच.

दोन धातू खरोखर किती टेकतात?

बटणाची पत्ती नळीवर टेकली की नखाएवढा भाग एकमेकांना चिकटला, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही बारकाईने पाहिला तर उंचसखल असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त काही उंचवटे उंचवट्यांना भेटतात. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विजेच्या जोडांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातून पक्के झालेले तत्त्व असे, की वीज ओलांडते ती या मोजक्या, सुईच्या टोकाहून बारीक ठिपक्यांतून. बाकीचा सगळा पृष्ठभाग नुसता समोरासमोर असतो.

संध्याकाळी अंबरनाथला लोकल थांबते तेव्हा फलाट रुंद असतो आणि बाहेरचा रस्ताही रुंद असतो, पण माणसे किती वेगाने बाहेर पडतील हे पुलाचा अरुंद जिना ठरवतो. बटणातही वाट अडते ती या ठिपक्यांपाशी. पत्ती जाड करून उपयोग नाही; ठिपके वाढले पाहिजेत. ते वाढतात दाबाने. पत्ती जितकी ताठ दाबली जाईल तितके उंचवटे चेपले जातात आणि नवे उंचवटे टेकतात. वर्षानुवर्षे वाकून पत्तीचा ताठपणा गेला की दाब कमी होतो आणि ठिपके घटतात. थाप मारल्यावर पत्ती क्षणभर हलते, वेगळ्या जागी टेकते आणि तिथे एखादा स्वच्छ ठिपका सापडतो. तेवढ्यावर टॉर्च पेटतो. तो ठिपका निसटला की पुन्हा अंधार.

पितळेवरचा न दिसणारा पापुद्रा

दाब कमी होणे हे अर्धे दुखणे. उरलेले अर्धे रसायनाचे आहे, आणि आपल्या हवेत ते जास्त जोर धरते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हवेतला प्राणवायू आणि ओल मिळून त्यावर ऑक्साईडचा पातळ थर चढवतात. नवे भांडे महिन्याभरात मंद दिसू लागते ते याच थरामुळे. हा थर धातूसारखी वीज वाहू देत नाही. हवेत हायड्रोजन सल्फाईडचा, म्हणजे कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूचा, अंश असेल तर तांबे, पितळ आणि चांदी काळी पडतात. सांडपाणी साचलेल्या, कुजलेल्या पाण्यातून हा वायू निघतो. वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांना या वासाबद्दल वेगळे सांगायला नको.

पितळेचा आणखी एक वैरी आहे, अमोनिया, आणि त्याची हकिकत भारतातलीच आहे. इंग्रजी फौजांची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवणीत आपोआप तडकत असत. घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली तर हमखास. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी १९२१ साली त्याचे कारण मांडले. काडतूस ओढून घडवताना पितळेत ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी ओल त्या ताणलेल्या धातूला आतून फोडतात. आज अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत दारूगोळ्यासाठी पितळेचे घटक बनतात. अशा पितळेला भट्टीत बेताने तापवून त्यातला ताण आधीच काढायचा असतो, हा त्या संशोधनाचा धडा.

टॉर्चशी याचा संबंध काय? जुन्या पद्धतीच्या साध्या सेलमध्ये नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड असते, आणि सेल वापरला जात असताना त्यातून अमोनिया तयार होतो. सेल गळला की हा ओला, आंबट लगदा स्प्रिंगवर आणि पत्तीवर पसरतो. वाकवून घडवलेली पत्ती म्हणजे ताण असलेलेच पितळ. गळलेल्या सेलच्या टॉर्चमध्ये हिरवे बुरशीसारखे डाग दिसतात आणि पत्ती वाकवायला गेले की कधी मोडते, त्यामागे हे कारण असू शकते.

भिंतीवरचे बटण असे का करत नाही?

हीच ओल, हीच हवा घरातल्या भिंतीवरच्या बटणालाही लागते. तरी पंख्याच्या बटणाला कोणी थापा मारत नाही. कारण तिथे २३० व्होल्ट असतात. विजेचा एवढा दाब पातळ पापुद्रा फोडून आरपार जातो, शिवाय बटण मिटताना-उघडताना उडणारी बारीक ठिणगी थर जाळते. टॉर्चच्या तीन व्होल्टांत ती ताकद नाही. त्यांना पापुद्र्यापुढे थांबावे लागते.

थोडा हिशेब करू. जुन्या अडीच व्होल्टच्या बल्बचा पेटलेल्या स्थितीतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ८ ओहम असतो. बटण स्वच्छ असेल तर त्याचा रोध जवळजवळ शून्य. मळलेल्या बटणाने २ ओहम वाढवले तर एकूण १० ओहम झाले. आता तीन व्होल्टांपैकी बल्बच्या वाट्याला २.४ आणि बटणात ०.६ व्होल्ट वाया. एक पंचमांश दाब गेला म्हणून उजेडही तेवढाच घटेल असे वाटते, पण तापलेल्या तारेचा उजेड दाबाच्या मानाने फार वेगाने उतरतो. इथे तो जवळपास निम्मा होतो. म्हणून आपण नवे सेल आणतो आणि उजेड पिवळाच राहतो.

एलईडी टॉर्चमध्ये चित्र थोडे वेगळे. लहान एलईडी कमी वीज ओढतात, त्यामुळे थोडा मळ ते सहन करतात आणि मग एकदम लुकलुकायला लागतात. पण लिथियम सेलवर चालणारे जोरदार टॉर्च एक-दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त वीज ओढतात. तिथे बटणातला दशांश ओहमही जाणवतो आणि बटण हाताला गरम लागू लागते. गरम बटण ही दोषाची पक्की खूण समजावी.

दोष बटणातच आहे का?

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या जागी खरवडण्यात. म्हणून आधी निदान. तत्त्व एकच: संशयित जोडाला वळसा घालून वीज न्यायची. वळसा घातल्यावर उजेड पडला तर दोष त्या जोडात.

मागच्या झाकणात बटण असलेला टॉर्च असेल तर झाकण काढा. सेलचे सपाट बूड दिसेल. तारेचा तुकडा किंवा स्टीलच्या चमच्याचे टोक बुडाला आणि नळीच्या कडेला एकाच वेळी टेकवा. पेटला तर बाकी सगळे ठीक, दोष झाकणात. इथे एक गोष्ट अनेकांना फसवते. ॲल्युमिनियमच्या टॉर्चवर काळा किंवा करडा रंग दिसतो तो बहुधा नुसता रंग नसतो. धातूच्या पृष्ठभागावर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने चढवलेला तो कठीण ऑक्साईडचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. तार त्या थराला टेकवून 'पेटत नाही' म्हणू नका. नळीची अगदी टोकाची कड उघडी, चकचकीत ठेवलेली असते, तिथे टेकवा.

सरकत्या बटणाच्या टॉर्चमध्ये डोके उघडून बटणाच्या दोन्ही बाजूंचा धातू तारेने जोडावा. तरीही उजेड नाही, तर सेल, स्प्रिंग आणि बल्ब पाहायचे. जुना बल्ब एका सेलवर तारेने टेकवला तरी मंद पेटतो. पांढरा एलईडी मात्र दीड व्होल्टवर पेटतच नाही, त्याला तीनच्या आसपास लागतात. एका सेलवर पेटला नाही म्हणून एलईडी गेला असे ठरवू नये.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर निदान आणखी नेमके होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची टोके बटणाच्या दोन बाजूंना लावा. बटण बंद असताना सेलचे जवळपास सगळे व्होल्ट दिसतील. सुरू केल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. सुरू करूनही अर्धा व्होल्ट उरत असेल तर तेवढे बटणात अडकले आहेत. सुरू करूनही पूर्ण व्होल्ट दिसले तर बटण वाट जोडतच नाही. आणि बंद-सुरू दोन्ही वेळा शून्य आले, तर बटणाला दोष देऊ नका. वाट दुसरीकडे तुटली आहे. माझ्या मते ही एक चाचणी शिकली तरी मीटरचे पैसे वसूल झाले.

चौकट : हात लावण्याआधी

चार्जिंगच्या टॉर्चची पिन प्लगमध्ये असताना तो कधीही उघडू नये. कित्येक स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून आणि डायोडमधून थेट आत येते, त्यामुळे तेव्हा आतला कुठलाही धातू, बटणाची पत्तीसुद्धा, जीवघेणा शॉक देऊ शकतो. पिन काढल्यावरही कपॅसिटर उतरायला थोडा वेळ द्या.

लिथियम सेलच्या दोन टोकांना एकच धातू कधी टेकू देऊ नका. फुगलेला किंवा चेपलेला लिथियम सेल दुरुस्तीत घेऊ नका.

गळलेल्या सेलची पांढरी पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका. हातमोजे घाला.

साफसफाई, आणि तीही हलक्या हाताने

दोष बटणात निघाला तर पहिला उपाय फुकटचा. सेल काढा आणि बटण वीस-पंचवीस वेळा पुढेमागे करा. सरकती पत्ती घासत जाते तशी स्वतःचाच पापुद्रा खरवडते. थोडासा मळ एवढ्यानेही निघतो.

निघाला नाही तर पत्ती आणि ती जिथे टेकते ती जागा साध्या खोडरबराने घासा. पॉलिशपेपर घेण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. पत्तीवर बहुधा निकेलचा किंवा कथलाचा पातळ मुलामा असतो. पॉलिशपेपर मळासोबत तोही काढतो आणि खालचे उघडे पितळ पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने काळवंडते. डाग फारच चिवट असेल तरच अगदी बारीक कागद, दोन-तीन हलके फेरे. नंतर मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. ते चटकन उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही.

सेल गळला असेल तर गळती कसली ते पाहा. अल्कलाईन सेलची पांढरी, कोरडी पूड अल्कधर्मी असते. तिच्यावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब लावला की ती विरघळते. साध्या सेलचा तपकिरी चिकट लगदा आंबट असतो. त्याला खायच्या सोड्याचे पाणी. दोन्हींनंतर स्वच्छ पाण्याचा ओला बोळा फिरवून पूर्ण वाळवायचे. उरलेले लिंबूही पितळ खातेच.

पुराचे पाणी गेलेल्या टॉर्चची तऱ्हा वेगळी. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. दुसऱ्या वेळी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीपासून अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात गाळ, क्षार, सांडपाणी सगळे असते. पाणी सुकते, ते क्षार आत राहतात आणि ओल धरून ठेवतात. म्हणून भिजलेला टॉर्च नुसता वाळवू नये. सेल तत्काळ काढावेत, टॉर्च सुटा करून आधी स्वच्छ पाण्याने धुवावा, मग दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावा. चार्जिंगचा टॉर्च मात्र पुरात बुडाला असेल तर धुऊनही पुन्हा प्लगला लावू नये.

साफ केल्यावर दाब परत आणायचा. पत्ती चिमट्याने किंचित उचलून वाकवा, जेणेकरून ती पुन्हा ताठ टेकेल. स्प्रिंग बोटांनी थोडी ओढून लांब करा. बटणाच्या रिव्हेटकडे लक्ष द्या. जुन्या टॉर्चमध्ये पत्ती चकचकीत आणि रिव्हेट सैल, असे पुष्कळदा आढळते. लहान हातोडीने खाली टेकू देऊन रिव्हेट हलकेच ठोकला की तो बसतो.

टक् करणारे बटण

मागच्या झाकणातले 'टक्' करणारे बटण उघडून साफ करण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या आत दातेरी फिरकी असते. प्रत्येक दाबाला ती एक दात पुढे सरकते. एका दातावर पत्ती टेकलेली, पुढच्या दातावर सुटलेली. दाते झिजले की बटण अडकत नाही, आणि ते प्लास्टिकचे दाते पुन्हा घडवता येत नाहीत. बटण अख्खे बदलावे.

मात्र बदलण्याआधी झाकणात आत डोकावा. बटणाला धरून ठेवणारी आट्यांची धातूची चकती असते, तिला समोरासमोर दोन छिद्रे किंवा खाचा असतात. वीज याच चकतीतून झाकणात जाते, आणि आपटून-आपटून ती सैल होते. निमुळत्या पक्कडीची दोन टोके खाचांत घालून ती घट्ट फिरवली की कित्येक 'खराब' बटणे तिथेच बरी होतात. आट्यांवर जुने काळे ग्रीस असेल तर तेही पुसून टाका. पावसातून पाणी आत जाऊ नये म्हणून असलेल्या रबरी कडीला सिलिकॉनचे थोडेसे ग्रीस पुरते.

चार्जिंगचा टॉर्च

आता घराघरांत हाच जास्त. यात बहुधा चार व्होल्टची शिसे-आम्लाची छोटी बंद बॅटरी असते आणि बटण सर्किटच्या पट्टीवर सोल्डर केलेले असते. हा बंद पडला की बटणाआधी बॅटरीवर संशय घ्यावा. अशी बॅटरी रिकामी करून महिनोन् महिने ठेवली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती चार्ज धरेनाशी होते. रात्रभर चार्ज करून, पिन काढून, काही तासांनी बॅटरीचे व्होल्ट मोजा. चारच्या आसपास असतील तर बॅटरी ठीक. साडेतीनच्या खाली घसरले तर बटण बदलून काही होणार नाही.

बटणच निकामी असेल तर ते काढून सोबत न्यावे आणि तसेच मागावे. त्यासाठी उल्हासनगर गाठावे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वस्तीची उल्हासनगर म्हणून पायाभरणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. छावणीचे ते जुने कॅम्प नंबर आजही पत्त्यात आहेत, आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे सुटे बटण एक-दोन चहांच्या किमतीत मिळते. पायांमधले अंतर आणि दांडीचे थांबे जुन्याशी जुळतात का, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.

सोल्डर काढण्याआधी तारांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि बॅटरीची एक तार सोडवा. साध्या तीन पायांच्या बटणात मधला पाय सामाईक असतो; तो दांडीच्या स्थितीनुसार एका किंवा दुसऱ्या टोकाला जोडला जातो. सोल्डरिंगचे टोक एका पायावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. नाहीतर बटणाचे प्लास्टिक मऊ पडून आतली पत्ती तिरकी होते आणि नवे बटण पहिल्याच दिवशी जुन्यासारखे वागू लागते. टाके थंड झाले की बॅटरी जोडण्याआधी मीटर लावून दांडी दोन्ही थांब्यांवर नेऊन पाहावी, आणि रोध शून्याजवळ आला तरच झाकणाचे स्क्रू कसावेत.